लढाईचा धनी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या आमच्या बेटावरच्या ओनगाके गावच्या फुंगमोने आयुष्यात एकच गोष्ट मनापासून शोधली, आणि तीही अशी, की मोठमोठ्या साहेबांना तिचा पत्ता नव्हता. १९४३ साली जी लढाई त्याच्या डोंगरावर येऊन आदळली ती नेमकी कुणाची होती, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

कुणी म्हणेल, लढाई ती लढाई, कुणाची का असेना. पण आमच्या डोंगरावर असं भागत नाही. इथे दोन गावांची जुंपली की एक गाव तिसऱ्याला मदतीला हाक मारतं, तिसरं चौथ्याला. हाकेला धावून आलेला माणूस मेला, तर त्याचा जाब मारणाऱ्याला कुणी विचारत नाही. तो वैरीच, तो मारणारच. जाब हाक मारणाऱ्याला. तो त्या मरणाचा धनी. त्याने मेलेल्याच्या आईपुढे यायचं, आपल्या हाताने उकडलेला अळूचा कंद तिच्या तोंडात घालायचा आणि चार माणसांदेखत म्हणायचं, "ही लढाई माझी होती." तोवर ती आई अळू खात नाही, नदीवर जात नाही, डोक्यावरची सुतकाची जाळी उतरवत नाही. आणि तिचा मेलेला पोरगा घरामागे घुटमळत राहतो. त्यातही मेख अशी, की आईने कुणाकडे बोट दाखवायचं नाही. धन्याने आपण होऊन यायचं. पाद्र्यांनी आमच्या पुष्कळ रीती मोडून काढल्या, पण ही काही त्यांना मोडता आली नाही. रविवारी देवळात जाणाऱ्या बायासुद्धा जाळी डोक्यावर घेऊनच जायच्या.

फुंगमो तेव्हा गावचा मुकादम होता. म्हणजे सरकारने लाल पट्ट्याची टोपी दिलेला माणूस. वाटा साफ ठेवायच्या, मागतील तेवढी माणसं कामाला द्यायची आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, एवढीच ती मुकादमकी. त्याच्या बापाला ही टोपी जर्मनांनी दिली होती. मग एका सकाळी जर्मनांचा बावटा खाली आला, ऑस्ट्रेलियाचा वर गेला, आणि म्हाताऱ्याला सांगितलं गेलं की मोठी लढाई झाली, तू आता आमचा मुकादम. म्हाताऱ्याने लढाई पाहिलीही नव्हती. फुंगमोच्या वेळी जपानी आले, त्यांनीही त्यालाच मुकादम ठेवलं, फक्त दंडाला एक कापडाची पट्टी बांधायला दिली. दीड वर्षाने ऑस्ट्रेलियावाले समुद्रातून परत आले आणि म्हणाले, ती पट्टी काढ. त्याने काढली. त्याला एवढंच कळलं होतं, की जो येईल तो माणसं मागतो.

ऑस्ट्रेलियावाल्यांनी दहा माणसं मागितली. सॅटलबर्गच्या सुळक्यावर जपानी दबा धरून बसले होते, आणि खालून वर दारूगोळा न्यायचा तर माणसाच्या पाठीशिवाय इलाज नव्हता. फुंगमोने नऊ नावं दिली. तेवढ्यात गावात कुजबुज सुरू झाली. मुकादम दुसऱ्यांची पोरं देतो, घरचं कुणी नाही वाटतं. फुंगमोची स्वतःची मुलं रांगती होती. तो तडक बहिणीच्या मळ्यात गेला. भाचा मुतेंग तिथे डुकरांसाठी कुंपण घालत होता. वीस-एकवीस वर्षांचा, खांद्याने भरलेला.

"चल रे," फुंगमो म्हणाला. "दहावा तू."

"कुंपण अर्धं राहिलंय, मामा."

"आल्यावर घाल."

तिसऱ्या दिवशी सॅटलबर्गच्या वाटेवर विमान आलं आणि एकच बॉम्ब पडला. तो जपान्यांचा होता, असं काही हमाल म्हणाले. एक गोरा शिपाई म्हणाला, आमचाच होता, चुकून पडला. फुंगमोने मुतेंगला केवड्याच्या चटईत गुंडाळून खाली आणलं.

नावासे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला पाठीवर घेऊन वाढवलेलं. नवरा आधीच गेला होता, आता एकुलता पोरगाही गेला. तिने जाळी डोक्यावर घेतली आणि मातीवर बसली. रडून झाल्यावर तिने फुंगमोकडे पाहिलं आणि विचारलं, "धनी येईल ना रे?"

"येईल, ताई. मी शोधून आणतो." चार माणसांदेखत बोलला. झालं, जन्माचं काम गळ्यात पडलं.

त्याचा तरी हिशोब सरळ होता. दहा माणसांची हाक आपण मारली नाही, आपण ती नुसती पुढे पोचवली. निरोप्याला कुणी धनी म्हणत नाही. हाकेचं मूळ जिथे, तिथला माणूस धनी. दोन-तीन गावांची मारामारी असती, तर संध्याकाळपर्यंत मूळ सापडलं असतं.

लढाई संपली आणि १९४६ साली नवा कियाप, म्हणजे सरकारी साहेब, शिरगणतीला गावात आला. हॅरिगन त्याचं नाव. वयाने कोवळा, उन्हाने लाल झालेला, मनाने चांगला. फुंगमो टोपी काढून त्याच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, ही लढाई तुमची होती का?"

"आमची? छे. आम्ही मदतीला गेलो होतो."

"कुणाच्या?"

"इंग्लंडच्या."

"म्हणजे इंग्लंडची लढाई."

"तसं नाही म्हणता येणार. इंग्लंड पोलंडच्या मदतीला गेलं होतं."

फुंगमोने पोलंड हे नाव कधी ऐकलं नव्हतं. "हा पोलंड राहतो कुठे?"

"लांब. तिथे बर्फ पडतं. जर्मनी त्याच्यावर चालून गेली."

"आणि पोलंड वाचला का?"

साहेबाने पेन्सिल खाली ठेवली. "वाचला असं नाही म्हणता येणार. आता त्याच्यावर रशियाचा हात आहे."

"रशिया वैऱ्याकडचा?"

"आपल्या बाजूचा. म्हणजे, आधी जर्मनीच्या जोडीने त्यानेच अर्धा पोलंड घेतला. मग जर्मनी त्याच्यावरच उलटली, तेव्हा तो आपला झाला."

फुंगमो खाली बसला. उभ्याने झेपण्यासारखं हे नव्हतं. "बरं, जपानचं पोलंडशी काय वाकडं होतं?"

"काहीच नाही. जपानचं भांडण निराळं होतं. चीन, तेल, रबर. मग दोन्ही भांडणं एकात एक मिसळली."

"जपान तुमचा पिढीजात वैरी असेल."

"तसंही नाही," हॅरिगन म्हणाला, आणि तोही आता डोकं खाजवायला लागला. "मागच्या लढाईत तो आमचाच होता. आमच्या पलटणी जहाजातून निघाल्या तेव्हा राखणीला जपानी जहाज होतं. माझा बाप होता त्या पलटणीत."

"म्हणजे जपान्यांनी तुमच्या बापाला राखलं आणि माझ्या भाच्याला मारलं."

"बॉम्ब कुणाचा होता ते नक्की नाही, फुंगमो," साहेब हळूच म्हणाला. "तुला सरकारकडे अर्ज करायचा असेल तर मी लिहून देतो. काहीतरी मिळेल."

"मला काही मिळायला नको, साहेब. मला माणूस पाहिजे. हातात अळू घेऊन माझ्या बहिणीपुढे बसेल असा एक माणूस."

हॅरिगनने सगळी रीत नीट ऐकून घेतली आणि चटकन म्हणाला, "एवढंच ना? मी येतो. मी भरवतो तिला." फुंगमोचा चेहरा फुलला. पण 'ही लढाई माझी होती' असं चार माणसांत म्हणावं लागतं हे कळल्यावर साहेबाने पाय मागे घेतला. ते मला म्हणता येणार नाही, म्हणाला, मी सरकारचा माणूस आहे, आणि शिवाय ते खरं नाही. दोन्ही गोष्टी बरोबरच होत्या. फुंगमोला त्याचा रागही धड येईना.

घरी येऊन तो अंगणात सुपाऱ्या घेऊन बसला. एक सुपारी ऑस्ट्रेलिया, एक इंग्लंड, एक पोलंड. समोरच्या ओळीत जर्मनी, जपान, इटली. मग मागची लढाई मांडायची म्हणून जपान उचलून इकडे ठेवला. इटलीही इकडे आला, तोही तेव्हा इकडचाच होता म्हणे. रशिया कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून तो मधेच राहिला. त्याची बायको ताबियो चुलीकडून आली, खाली वाकली, एक सुपारी उचलून पान-चुन्याबरोबर तोंडात टाकली आणि चावायला लागली.

"अगं, तो इटली होता," फुंगमो म्हणाला.

"बरा लागतोय. तुझ्या ओळीत काही अडणार आहे का त्याच्यावाचून?"

"तसं नाही अडणार. तो मधेच पलटला होता."

"मग गिळते." ताबियोने लाल पिंक टाकली. "इतक्या लांबवरच्या सुपाऱ्या मांडतोस, गावातली एकही मांडली नाहीस ती?"

"गावाने काय केलं? गावाने फक्त माणसं दिली."

"गावाने नाही दिली," ताबियो म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली. तिचं बोलणं असंच असायचं, अर्धं तोंडात आणि अर्धं पाठमोरं. फुंगमोने ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण माणूस आपलं अंगण सोडून सगळीकडे शोधतो, त्याला फुंगमो तरी काय करणार.

नावासे मळ्याच्या कडेला ठेंगण्या खोपटात राहायची. फुंगमो जळण घेऊन गेला की ती रताळं सोलता सोलता विचारायची, "सापडला का?"

"अजून नाही, ताई. पोलंडपर्यंत आलोय."

"हं," ती म्हणायची आणि रताळं सोलत राहायची. तिचे केस जाळीत गुंतून चिकट झाले होते. अंगाला धुराचा आणि घामाचा असा वास यायचा की बायका तिच्या शेजारी बसायला कचरायच्या. नावासेला त्याचं काही वाटत नव्हतं की ती दाखवत नव्हती, कुणास ठाऊक. फुंगमोला मात्र त्या वासाने भडभडून यायचं. ह्याच पाठीवर तो झोपला होता.

१९५० साली जुना पाद्री ग्रेबर परत आला. हा जर्मन. लढाईच्या सुरुवातीलाच ऑस्ट्रेलियावाल्यांनी त्याला उचलून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, कारण तो वैऱ्याच्या जातीचा. गावाला ते तेव्हाही कळलं नव्हतं. पाद्रीबुवा ज्या देवाची प्रार्थना करायचे त्याच देवाची ऑस्ट्रेलियावालेही करत होते, आणि दोघंही म्हणत होते, आम्हाला जय दे. देवाची काय पंचाईत झाली असेल.

फुंगमो त्याच्याकडे कोंबडी घेऊन गेला. "पाद्रीबुवा, पोलंडवर तुम्हीच चालून गेलात ना? मग लढाईचे धनी तुम्हीच."

म्हातारा वाळून काडी झाला होता. त्याने कोंबडी मांडीवर घेतली. "या लढाईचं मूळ आधीच्या लढाईत आहे, फुंगमो."

"मग आधीची सांगा. माझ्या बापाला न विचारता झालेली."

"एका गावात एक राजपुत्र गाडीतून चालला होता. एका तरुणाने त्याला गोळी घातली. राजपुत्राची माणसं त्या तरुणाच्या शेजारच्या देशावर चालून गेली. त्या देशाने रशियाला हाक मारली. राजपुत्राच्या माणसांनी आम्हाला. रशियाचा सोयरा फ्रान्स, फ्रान्सचा सोयरा इंग्लंड. महिना-दीड महिन्यात सगळे आत. आमचा राजा आणि इंग्लंडचा राजा तर सख्खे आतेमामेभाऊ."

"म्हणजे भाऊबंदकी." फुंगमोला पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. "हे आमच्यासारखंच झालं की. मग शेवटी धनी म्हणून पुढे कोण आलं?"

"आम्हाला आणून बसवलं. पुढे कागद ठेवला आणि म्हणाले, लिहून द्या, लढाई तुमची होती. आम्ही सही केली."

"झालं तर. मिटलं."

"मिटलं नाही. त्या सहीचाच राग धरून आमच्याकडे दुसरी पेटली."

फुंगमो त्याच्याकडे बघत राहिला. आमच्याकडे माणूस 'माझी होती' म्हणाला की भांडण संपतं. ह्यांच्याकडे त्यानेच नवं लागलं. हे लोक समुद्रापलीकडून आम्हाला शहाणं करायला आले होते. "असं कसं होईल, पाद्रीबुवा?"

"मानेवर गुडघा ठेवून वदवून घेतलं होतं. आपण होऊन कुणी म्हणालं नाही." म्हाताऱ्याने कोंबडीच्या पायाची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. "आणि दुसरी लढाई आमच्यातल्या एका माणसाने लावली. ते खरं आहे."

"तो कुठाय?"

"मेला. स्वतःच गोळी घालून घेतली."

"मग त्याच्या जागी तुम्ही या. तुमच्या जातीचा होता."

"मी तेव्हा इथे होतो, फुंगमो. तुमच्यात. मला काय ठाऊक होतं?" ग्रेबर म्हणाला, आणि मग त्याने डोळे मिटून नावासेसाठी प्रार्थना केली. प्रार्थना चांगली होती. अळू मात्र त्यानेही हातात घेतलं नाही.

असा जो तो मागच्याकडे बोट करत होता. साहेब इंग्लंडकडे, इंग्लंड पोलंडकडे, पाद्री मेलेल्याकडे. फुंगमो जितका पुढेपुढे जाई तितका धनी मागेमागे सरकत होता. गावातली माणसं हसायला लागली. काय मुकादम, आज कुठला देश, असं नदीवर विचारायची. तो हसून घालवायचा, पण जेवण कमी झालं होतं. घरामागे मुतेंग उभा असल्यासारखं त्याला दिवसाउजेडीही वाटायचं, आणि तो मान वळवत नसे.

१९५५च्या सुरुवातीला नावासे तापाने पडली. ताप उतरला पण ती चटईवरून उठेना. आता मात्र फुंगमोच्या पायाखालची जमीन सरकली. जाळी डोक्यावर असताना बाई मेली, तर तीही पोरासारखीच घुटमळत राहणार. मायलेक दोघंही. आणि ते फुंगमोच्या शब्दापायी, कारण आणतो असं तो म्हणाला होता.

त्याच वर्षी जपान्यांचं एक जहाज डोंगराखाली फिन्शहाफेनच्या किनाऱ्याला लागलं. बंदुका नव्हत्या. बारा-तेरा जण होते, चष्मेवाले, टोप्या घातलेले, आपल्या मेलेल्या शिपायांची हाडं गोळा करायला आलेले. सॅटलबर्गच्या वाटेवर कुठे काय पडलंय हे फुंगमोइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा कियापने त्यालाच वाटाड्या म्हणून दिला. त्यांच्यात ओकुदा नावाचा एक पन्नाशीचा माणूस होता. त्याचा धाकटा भाऊ इथे मेला होता. त्यांचा दुभाषा लढाईत दोन वर्षं याच किनाऱ्यावर होता, त्याला आमची बाजारातली बोली बरी यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका खडकाखाली बसले होते. ओकुदाच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात हाडं होती. कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. त्याच्या भावाची असतील, नसतील. फुंगमोने त्याला सोललेला ऊस दिला आणि दुभाष्याला म्हणाला, "ह्यांना विचार, ही लढाई ह्यांची होती का."

दुभाषा घुटमळला. पण त्याने विचारलं. ओकुदाने ऊस खाली ठेवला.

"आमच्याकडे लढाईनंतर सात जणांना फाशी दिलं," तो म्हणाला. "मोठमोठे सेनापती, प्रधान. तेच धनी होते, असं न्यायाधीशांनी ठरवलं."

"ते स्वतः म्हणाले का, आमची होती म्हणून?"

"नाही. बहुतेक जण म्हणाले, आमच्या हातात काही नव्हतं. आम्ही काय करणार."

"हेच," फुंगमो म्हणाला. "सगळे हेच म्हणतात. मग तुझ्या आईपुढे कोण आलं?"

दुभाष्याने हे ओकुदाला सांगितलं. त्याने फडक्याची गाठ सोडली, नीट केली. "मी आमच्या गावच्या कचेरीत कारकून होतो," तो म्हणाला. "सैन्यात बोलावणं आलं की त्याचा लाल कागद घरोघर मी पोचवायचो. भावाचा कागदही मीच आणला. घरी नेऊन आईच्या हातात दिला. ती सेनापतींबद्दल कधी बोलली नाही. तिला त्यांची नावंही येत नव्हती. ती मरेपर्यंत माझ्या हाताकडे बघायची. नुसती बघायची."

"पण तू नुसता पोचवलास," फुंगमो म्हणाला. हे तो कुणासाठी म्हणत होता ते त्याला कळलं. "तू कागद लिहिला नव्हतास."

"मीही तेच म्हणत होतो स्वतःला. आईला तसं तोंडाने एकदाही सांगू शकलो नाही. हो आई, मी आणला. एवढंच म्हणायचं होतं. मग ती गेली."

वाटेने परत येताना फुंगमो सगळ्यांच्या पुढे चालत होता. पलटणीतल्या साहेबाने दहा माणसं मागितली होती. मुतेंग मागितला नव्हता. साहेबाला मुतेंग ठाऊकच नव्हता. इंग्लंडला नव्हता, पोलंडला नव्हता, त्या गाडीतल्या राजपुत्राला तर नव्हताच नव्हता. अख्ख्या जगाच्या लढाईत मुतेंगच्या कानावर जी हाक पडली ती एकाच माणसाच्या आवाजात होती. चल रे, दहावा तू. आणि तीही गावाने नावं ठेवू नयेत म्हणून. बारा वर्षं हा माणूस देश मोजत फिरला, शहाणा.

सकाळी त्याने मळ्यातून स्वतः अळू उपटलं, मातीच्या मडक्यात घातलं आणि चुलीशी बसला. आमच्याकडे एरवी पुरुष असं करत नाही. ताबियो दारात आली.

"उकडून देऊ का मी?"

"नको. मलाच करायचंय."

तिने एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ती गेली आणि शेजारची चार माणसं घेऊन नावासेच्या खोपटाशी जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फुंगमो आत गेला तेव्हा नावासे भिंतीला टेकून होती. जाळीआड चेहरा मुठीएवढा झाला होता. तो तिच्यासमोर मातीवर बसला. पानावरचा कंद घसरून पडला, तो त्याने पुन्हा उचलला.

"सापडला का?" तिने विचारलं.

"सापडला, ताई. ही लढाई माझी होती."

"मोठ्याने म्हण. बाहेर माणसं बसलीत."

"ही लढाई माझी होती," तो ओरडल्यासारखा म्हणाला. "साहेबाने दहा मागितले होते. मुतेंगचं नाव मी घेतलं. लोक मला बोलत होते, त्यांची तोंडं बंद करायला मी तुझा पोरगा दिला. हाक माझी होती. बाकी कुणाची नव्हती."

नावासेने वर पाहिलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "बोट दाखवायचं नाही म्हणून गप्प बसले."

"मग मला दर वेळी विचारायचीस ते?"

"तुलाच विचारत होते ना. दुसऱ्या कुणाला विचारलं का कधी?"

त्याने अळूचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिने तो जिभेने इकडून तिकडे फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि शेवटी तळहातावर काढला.

"चावत नाही रे," नावासे म्हणाली. "दात राहिलेत कुठे आता. कुस्करून दे."

त्याने पान जवळ ओढलं आणि बोटांनी अळू कुस्करायला घेतलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुढचं काही दिसत नव्हतं. नावासेने तोंड उघडून ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती.